पुढे जाण्याच्या तऱ्हा

९ जून १९७३ रोजी न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट शर्यतीत सेक्रेटॅरिएट हा घोडा तब्बल ३१ घोडालांबींनी जिंकला. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना प्रत्येकी २४१ धावांवर बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरही प्रत्येकी १५ धावांची झाली आणि २६ विरुद्ध १७ अशा चौकार-षटकारांच्या हिशेबावर इंग्लंडने न्यूझीलंडवर सरशी मिळवली. इंग्रजीत पहिल्या प्रसंगाला ‘पुल अवे’ शोभते, दुसऱ्याला ‘एज आउट’. मराठीत आपण दोन्हीकडे ‘मागे टाकले’ लिहून मोकळे होतो.

या इंग्रजी जोडक्रियापदांचे मर्म मागून येणाऱ्या चिमुकल्या शब्दात असते. ‘एज अहेड’ म्हणजे किंचित पुढे सरकणे. शर्यत अजून चालू आहे. ‘एज आउट’ म्हणजे तेवढ्याच निसटत्या फरकाने प्रतिस्पर्ध्याला बाद करणे, शर्यत संपली. ‘पुल अहेड’मध्ये आघाडी मिळते, तर ‘पुल अवे’मध्ये मिळालेले अंतर वाढत जाते. पहिले पद गतीची रीत सांगते, दुसरे तिचा परिणाम.

यावरून मराठी दरिद्री आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई आपल्याकडे फार होते. तो मला मान्य नाही. ‘पुढे आला’, ‘पुढे गेला’ आणि ‘पुढे निघून गेला’ या तीन वाक्यांतले अंतर कोणत्याही मराठी कानाला कळते. इंग्रजी जे काम शेपटाच्या शब्दाकडून करून घेते, ते आपण सहायक क्रियापदाकडून करून घेतो. शिवाय आखाड्याने ‘चीतपट’ दिले, बुद्धिबळाने ‘शह’ आणि ‘मात’, रणांगणाने ‘आघाडी’ आणि ‘पिछाडी’. ‘मुसंडी’त वेग आहे, ‘कुरघोडी’त डावपेच. उणीव शब्दांची नाही, निवडीची आहे.

या आळसाची किंमत मतमोजणीच्या दिवशी कळते. शंभर मतांनी पुढे असलेल्या उमेदवारानेही ‘आघाडी’ घेतलेली असते आणि लाखभर मतांनी पुढे असलेल्यानेही. त्यातच आपल्या राजकारणात आघाडी म्हणजे पक्षांची युतीही. त्यामुळे ‘आघाडीची आघाडी’ असा मथळा वाचणे नशिबी येते. वाचकाला खरे तर एवढेच जाणून घ्यायचे असते, की निकाल लागल्यात जमा आहे की अजून फिरू शकतो. इंग्रजी क्रियापद नेमके तेच सांगून जाते. आपले क्रियापदही सांगू शकते. मात्र अनुवादकाने कोशातला पहिला अर्थ उचलण्याआधी मैदानाकडे एकदा पाहायला हवे.