वेगळ्या डब्यातला केक

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की आमच्या वसईत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. गिरीज, सांडोर, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल या गावांतल्या घरांतून जायफळाचा आणि जाळलेल्या साखरेचा वास येऊ लागतो. आणि मुसलमानांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘नाताळच्या शुभेच्छा देणं जायज आहे का?’ असे फॉरवर्ड फिरू लागतात. पहिली गोष्ट गुपचूप होते, दुसरीचा आवाज फार असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिलीकडे नीट पाहिलं, तर दुसरीतला बराचसा गोंधळ आपोआप कमी होईल.

नाताळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला चांदणीचे कंदील, येशूजन्माचा गोठा आणि मध्यरात्रीची मिस्सा दिसते. पण कॅथलिकांच्या पंचांगात त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. हे वाट पाहण्याचे दिवस. या काळात सहसा लग्नं ठेवत नाहीत, म्हणून तर वसईत नाताळ झाल्या झाल्या लग्नांची रीघ लागते. शेवटच्या आठवड्यात एकीकडे चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगा आणि दुसरीकडे घराघरांत रात्री उशिरापर्यंत चालणारं काम. रमजानच्या शेवटच्या दहा रात्री ज्या घराने अनुभवल्या आहेत, त्याला हे वातावरण समजावून सांगावं लागत नाही. इबादत आणि स्वयंपाकघर एकाच वेळी चालू असतं, आणि दोन्हींचा मोठा भार घरातल्या बायांवर असतो.

काम काय असतं? करंजीसारखी नेवरी. मैदा, अंडं, नारळाचं दूध यांच्या पिठाचे छोटे गोळे काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून, वळवून तळलेले कलकल. काजू-दूध-साखर आटवून साच्यात घातलेली मिल्क क्रीम. पेरूच्या गराची वडी. गूळ, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध हात दुखेपर्यंत ढवळून केलेला दोदोल. ईस्ट इंडियन घरांतले फुगे, ज्यांचं पीठ पूर्वी ताडीने फुगवत. आणि केक. यातलं काहीच एकट्याने पटकन होत नाही. कलकल तर चार-पाच माणसं टेबलाभोवती बसल्याशिवाय संपतच नाहीत. आमच्याकडे ईदच्या आधी शेवया आणि नानखटाईचं जे व्हायचं, तेच.

आता केककडे येऊ, कारण वादाचं मूळ तिथेच आहे. पारंपरिक नाताळच्या केकसाठी मनुका, बेदाणे, टूटीफ्रूटी, संत्र्याची साल हे सगळं काही आठवडे आधी रममध्ये भिजत घालतात. भाजताना दारू उडून जाते असं सर्रास सांगितलं जातं, पण ते पूर्ण खरं नाही. काही भाग केकमध्ये उरतो. तेव्हा ‘उगाच कशाला कीस काढता, खाऊन टाका’ म्हणणारा मित्र प्रेमाने बोलत असला, तरी त्याचं म्हणणं बरोबर नाही. मुसलमानाने तो केक नाकारला तर तो कट्टरपणा नव्हे.

पण आमच्या शेजारच्या मावशींनी हा प्रश्न कधी आमच्यावर सोडलाच नाही. त्या आमच्यासाठी मेवा संत्र्याच्या रसात भिजवतात. रममधला मेवा महिनाभर टिकतो, रसातला टिकत नाही. म्हणून तो वेगळा, शेवटच्या दोन दिवसांत, फ्रीजमध्ये ठेवावा लागतो. केकचा गडद रंग रमचा नसतो, साखर जाळून केलेल्या पाण्याचा असतो, त्यामुळे दिसायला दोन्ही केक सारखेच. म्हणून त्या आमचा केक वेगळ्या डब्यात ठेवतात, आणि डबा देताना दारातूनच अम्मीला सांगतात, “भाभी, हा तुमचा. यात काही नाही.” त्यांच्या पलीकडे एक गुजराती कुटुंब आहे, त्यांच्यासाठी तिसरा, अंड्याशिवायचा. म्हणजे एका ओव्हनमध्ये तीन केक. सर्वधर्मसमभाव हा शब्द मी मावशींच्या तोंडून कधी ऐकलेला नाही.

या डब्याला मी इतकं महत्त्व का देतो? कारण तो डबा भरायला शेजाऱ्याची माहिती लागते. कोण काय खातं, काय खात नाही, का खात नाही, कोणाचा रोजा केव्हा सुटतो. शुभेच्छेचा मेसेज पाठवायला यातलं काहीच लागत नाही. एकच चित्र दोनशे जणांना जातं. आदर म्हणजे समोरच्याचा फरक पुसून टाकणं नव्हे, तो फरक लक्षात ठेवून वेळ खर्च करणं.

1998, 1999 आणि 2000 अशी सलग तीन वर्षं नाताळ रमजानमध्ये आला होता. 2000 साली तर 25 डिसेंबरनंतर तीनच दिवसांत ईद झाली. त्या तिन्ही वर्षी नाताळच्या दिवशी मावशींचं ताट सकाळी आलं नाही. ते मगरीबच्या अजाननंतर आलं. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. रोजेदाराच्या घरात दिवसा फराळाचं ताट नेऊ नये, हे त्यांना माहीत होतं, एवढंच.

आता आपल्या लोकांच्या शंकेबद्दल. मी आलिम नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. दुसऱ्या धर्माच्या सणाच्या शुभेच्छा देण्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि जे नको म्हणतात त्यांची भीतीही मला समजते: अल्लाहला मुलगा आहे, या श्रद्धेला आपण होकार देतो आहोत असं होऊ नये. ही सीमा खरी आहे, आणि मावशींनाही ती माहीत आहे. ईसा अलैहिस्सलाम आमचे पैगंबर आहेत, त्यांच्या आईच्या नावाने कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, पण त्यांना आम्ही ईश्वरपुत्र मानत नाही. हा फरक लपवून ठेवल्याने शेजार टिकत नाही आणि बोलून दाखवल्याने मोडतही नाही.

मात्र त्याच कुरआनात आणखी काही गोष्टी आहेत, त्या फॉरवर्डमध्ये येत नाहीत. सूरह मायदामध्ये किताबवाल्यांचं अन्न आपल्यासाठी आणि आपलं त्यांच्यासाठी हलाल ठरवलं आहे. सूरह मुम्तहिनामध्ये, जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घरांतून हाकललं नाही, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागण्याला मनाई नाही, असा स्पष्ट आशय आहे. आणि मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट अशी: ‘ईद’ हा शब्द संपूर्ण कुरआनात फक्त एकदाच येतो, आणि तो येतो ईसा अलैहिस्सलामांच्या दुआमध्ये. त्यांचे सोबती आकाशातून अन्नाने भरलेलं ताट मागतात, आणि ईसा अल्लाहकडे असं ताट मागतात, जे त्यांच्या आधीच्या-नंतरच्या सगळ्यांसाठी ईद ठरेल. ‘मायदा’ म्हणजे ते मांडलेलं अन्नच. सूरहचं नावच त्यावरून पडलं आहे. आपण ज्या शब्दाने आपला सण ओळखतो, तो शब्द आपल्या ग्रंथात मरियमच्या मुलाच्या तोंडी आणि भरल्या ताटाच्या संदर्भात आहे. ज्याला शुभेच्छा देताना संकोच वाटतो, त्याने खुशाल देऊ नयेत. पण ताट परत करू नये, आणि रिकामंही पाठवू नये.

नाताळ ‘परका’ आहे असं म्हणणारे दुसऱ्या बाजूलाही आहेत. अलीकडे देशात ठिकठिकाणी नाताळच्या कार्यक्रमांत अडथळे आणल्याच्या बातम्या येतात. वसईचा इतिहास निष्पाप नाही, हे मान्यच आहे. 23 डिसेंबर 1534 च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांची सत्ता होती. त्या काळात धर्मांतरं झाली, जुलूमही झाले. पण आज त्या वाड्यांत राहणारी माणसं पोर्तुगीज नाहीत. कादोडी म्हणजे सामवेदी बोली इथले ख्रिस्ती कुपारीही बोलतात आणि हिंदू सामवेदी ब्राह्मणही. वाडवळ दोन्ही धर्मांत आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं, 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तरी काहींनी त्यांच्या झग्याकडे बोट दाखवून विरोध केलाच. मराठी मुसलमानाला ही जागा ओळखीची आहे. आपल्याकडेही ‘तुम्ही मराठी छान बोलता’ असं कौतुकाने म्हटलं जातं.

आणि शब्द तपासायचे तर केकच्या परातीतच तपासा. नाताळ आणि पाव पोर्तुगिजांकडून आले, काजूही. मैदा, बदाम, किसमिस, मेवा फारसीतून. केक इंग्रजांचा. नारळ आणि गूळ इथलेच. यातून परकं तेवढं वेचून बाजूला काढायला बसलात तर परातीत काय उरेल?

दोन गोष्टी मात्र या कौतुकात बुडू नयेत. पहिली, कष्ट. तीन केक म्हणजे एका बाईची तिप्पट जागरणं. शेजारधर्माचे गोडवे गाणारे पुरुष कलकल वळायला बसत नाहीत. ईदला शीरखुर्म्याचे बदाम सोलायलाही बसत नाहीत. आता वसईत कित्येक बायका घरून केक आणि फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्याकडून घेताना ‘घरचंच तर आहे’ म्हणून भाव पाडू नका. मॉलमध्ये आपण घासाघीस करत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. डबा जायला शेजार लागतो. 2011 च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती, त्यानंतर वाड्या आणि शेतं जाऊन इमारती किती उभ्या राहिल्या ते आपण पाहतोच. या नव्या इमारतींत कुठे मुसलमानाला घर नाही, कुठे मांसाहार करणाऱ्याला नाही. मग तो मुसलमान मुसलमानांच्याच वस्तीत घर शोधतो, आणि हळूहळू त्याला तेच बरं वाटू लागतं. त्या वस्तीत वाढलेल्या मुलाला मावशी कुठून मिळणार? त्याला नाताळ फक्त फॉरवर्डमधून कळेल, जसं पलीकडच्या मुलाला ईद फक्त बातम्यांतून कळते. घर नाकारणारा नियम कागदावर नसतो, सोसायटीच्या बैठकीत तोंडी असतो. म्हणून तो तिथेच, बैठकीत, मोठ्याने विचारला गेला पाहिजे. आणि आपल्या वस्तीत दुसऱ्याला घर द्यायची वेळ येते, तेव्हा आपणही स्वतःला विचारला पाहिजे.

चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. हिशेबाप्रमाणे 2033 च्या डिसेंबरात ईद पुन्हा नाताळच्या आठवड्यात येईल. दिवस चंद्र ठरवेल. त्या आठवड्यात वसईच्या किती जिन्यांवरून ताटं वर-खाली होतील, हे मात्र आत्ता आपण कोणाच्या शेजारी राहायला तयार आहोत, त्यावर ठरेल.