पादपांची तटबंदी

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतण्यानें विहिरीकडच्या शेतांतून तुरीचें एक झाड उपटून आणलें व ओसरीवर ठेवलें. झाड शेंगांवर आलेलें, पण पानें पिवळीं पडून सुकलेलीं. विळ्यानें खोड उभें चिरतांच आंत काळ्या रेघा दिसल्या. "काका, मर लागली," एवढेंच तो बोलला. आम्हां बीडकडच्या घरांत तुरीचें वरण रोजचें; सोळा माणसांची वर्षाची डाळ त्याच शेतावर अवलंबून होती.

संस्कृतांत झाडास 'पादप', म्हणजे पायांनीं पिणारा, म्हणतात. महाभारताच्या शांतिपर्वांत झाडें सजीव आहेत हें भरद्वाजांस पटवितांना भृगूंनीं हेंच प्रमाण दिलें आहे. झाडांना रोग होतात व त्यांवर उपायही चालतो, असेंही ते सांगतात. तुरीचा वैरी याच पायांच्या वाटेनें येतो. फ्युझेरियम उडम नांवाची ही बुरशी जमिनींत वर्षानुवर्षें टिकते, मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत पसरते. मग खालीं ओल असूनही शेंडा तहानलेला राहतो.

तथापि झाड मुकाट्यानें मरत नाहीं. त्याला पळतां येत नाहीं, आणि आपल्या रक्तांतल्यासारखे फिरते शिपाईही त्याच्याजवळ नाहींत. म्हणून प्रत्येक पेशीसच लढावें लागतें. चाहूल लागतांच पेशी आपली भिंत जाड करते, बुरशीस मारक द्रव्यें बनविते. कांहीं पेशी फुगून नळींत शिरतात व डिंकाच्या साह्यानें शत्रूची वाट बुजवितात. पानावरच्या कित्येक रोगांत तर हल्ल्याच्या जागच्या पेशी आपण होऊन मरतात व उरलेलें पान वांचवितात.

मग आमची तूर हरली कां? सारा प्रश्न वेळेचा. प्रतिकारक वाण हीं शस्त्रें लवकर उचलतो, दुबळा वाण उशिरां. उशिरां घातलेला बांध बुरशीस अडवीत नाहीं. उलट झाडाचेंच पाणी तोडतो.

दोष झाडाचा नव्हे, आमचा. त्याच शेतांत आम्हीं सलग चार वर्षें तूर घेतली, तीही घरच्याच बियाण्याची. परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रानें बी. एस. एम. आर. ७३६ हा मर व वांझ या दोन्ही रोगांस तोंड देणारा वाण दिला आहे, हें पुतण्या दोन वर्षें सांगत होता. "घरचें बीं तें घरचें," म्हणून आम्हीं त्याला गप्प केलें होतें.

रोगट झाडें उपटून जाळलीं. येत्या हंगामांत त्या शेतांत ज्वारी, आणि नव्या वाणाची तूर माळाकडच्या शेतांत. बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळण्याचें कामही पुतण्याकडेच सोंपविलें आहे. तोंवर घरांत बाजारची डाळ शिजते. सूनबाई ती वाढतांना कांहीं बोलत नाहींत, आणि आम्हीही मीठ कमी असल्याची तक्रार करीत नाहीं.