सहाशे गजांखालच्या गच्च्यांचे काय?

तेलंगणा सरकारने एप्रिल २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर केले. सर्व सरकारी व व्यापारी इमारतींना थंड छप्पर सक्तीचे झाले. राहत्या घरांपैकी मात्र सहाशे चौरस गज व त्याहून मोठ्या भूखंडांनाच ही सक्ती, त्याखालच्यांना ते ऐच्छिक. आता काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांत आपल्यापैकी कितीजणांची जागा सहाशे गज भरते? दीडशे-दोनशे गजांत तीन-तीन पिढ्या नांदल्या. सक्ती नाही हे बरेच झाले, पण सक्तीबरोबर सरकारचे जे लक्ष मिळते, तेही आपल्या वाट्याला आले नाही.

गच्ची हा शब्दच मुळी गचाचा, म्हणजे चुन्याच्या गिलाव्याचा. उन्हाळ्यात दिवस कलला की गच्चीवर दोन बादल्या पाणी मारायचे आणि रात्री तिथेच अंथरुणे टाकायची, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता ते घेऊन जाते. आजी हे गणित न मांडता जाणत होती. पुढे स्लॅब आले. मे महिन्याच्या दुपारी उघडा स्लॅब साठ अंशांच्या आसपास तापतो आणि ती उष्णता रात्रभर खालच्या खोलीत सोडत राहतो. मग एसी लागतो, आणि एसी खोलीतली उष्णता गल्लीत फेकतो, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत.

धोरणाचा मुख्य भर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या लेपावर व फरशीवर आहे. तो स्वस्त आहे, पत्र्याच्या व कमकुवत छपरांना तोच योग्य. त्याला आमचा विरोध नाही. पण पांढरा रंग धुळीने मळतो आणि पाऊस अडवत नाही. हिरवी गच्ची, म्हणजे जलरोधक थरावर निचऱ्याचा थर आणि त्यावर तीन-चार इंच हलक्या मातीत लावलेली बुटकी, काटक झाडे, ही दोन्ही कामे करते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३५० लिटर पाणी एकदम गटारात जाते. कोरडी माती त्यातला मोठा वाटा धरून ठेवते आणि उरलेले सावकाश सोडते. ऑक्टोबर २०२० सारख्या पावसापुढे तिचा टिकाव लागणार नाही, पण नेहमीच्या सरीत गल्ली तुंबते, तिथे फरक पडेल. शिवाय खालचा जलरोधक थर ऊन-तापमानापासून वाचल्याने बराच अधिक टिकतो, हा जर्मनीतला अनेक दशकांचा अनुभव आहे. दर काही वर्षांनी गळतीवर खर्च करणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको.

हे परदेशी खूळ आहे असेही कोणी म्हणू नये. मुंबईचे हँगिंग गार्डन १८८० च्या दशकापासून पाण्याच्या टाकीच्या छपरावरच उभे आहे. बाझेल शहराने तर २००२ मध्ये नव्या सपाट छपरांवर हिरवळ बंधनकारक केली.

मात्र एका गोष्टीत आम्ही सावध आहोत. आपल्यापैकी अनेकांची मुळे मराठवाड्यात आहेत. तिथल्या धाब्याच्या घरांवर गळती थांबवायला दरवर्षी मातीचा थर चढत गेला. घर थंड राहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडी भिंतींसह तेच वजन झोपलेल्या माणसांवर कोसळले. वापरात असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरावा, असे भारतीय मानक आहे. साध्या मातीचा चार इंचांचा थर भिजला की तेवढ्यावर सहज जातो. म्हणून नारळाच्या भुशाची हलकी माती हवी, आणि त्याआधी स्लॅबची तपासणी हवी. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर कुंड्यांची रांग चढवणाऱ्या उत्साही मंडळींनी हे मनावर घ्यावे. कुंड्या ठेवायच्याच तर त्या तुळईवर, भिंतीच्या कडेने ठेवाव्यात.

दुसरी अडचण पाण्याची. एप्रिल-मेमध्ये आपण टँकरची वाट पाहतो, तेव्हा झाडांना कुठून द्यायचे? भाज्या-तांदूळ धुतल्याचे आणि एसीचे पाणी धरले तर काटक झाडे तगतात. हिरवळीचा गालिचा करायचा हट्ट मात्र सोडावा लागेल.

पुणे महापालिका पर्जन्यजल, सौरऊर्जा, गांडूळखत यांसाठी मालमत्ता करात पाच ते दहा टक्के सवलत देत आली आहे. तशीच सवलत सहाशे गजांखालच्या घरांना इथे मिळावी, आणि स्लॅब तपासणीसाठी महापालिकेने माफक दरात अभियंता उपलब्ध करून द्यावा, अशा दोन मागण्या आम्ही निवेदनात घालत आहोत. आपली गच्ची किती चौरस फुटांची, स्लॅब कोणत्या वर्षीचा आणि गळती आहे का, एवढी माहिती वाचकांनी या महिनाअखेर कार्यालयात आणून द्यावी. मंडळाच्या इमारतीची गच्ची यादीत पहिली आहे. तिथे गळती आहे, हे आधीच कबूल करून ठेवतो.