आडनाव लपवून मिळणारा शेजार आम्हाला नको

फ्लॅटमुळे शेजारधर्म संपला, अशी रड सगळीकडे ऐकू येते. आम्ही विचारतो, आमच्या वाट्याला तो होता कधी? १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून लाठ्यांच्या धाकाने बाहेर काढले गेले. आज लाठी लागत नाही. आधी आडनाव विचारायचे, मग ‘नॉनव्हेज चालणार नाही’ म्हणायचे, की काम झाले!

आत शिरलो तरी भेद सुटत नाही. गणपतीची वर्गणी आम्हीही देतो. १४ एप्रिलला जयंतीसाठी सोसायटीचा हॉल मागितला की उत्तर येते, ‘इथे राजकारण नको.’ तुमचा सण संस्कृती आणि आमची जयंती राजकारण?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नकार लेखी मागा, निबंधकाकडे अपील करा.

पण कायदा सभासदत्व देईल, बंधुता नाही. बंधुतेवाचून समता वरवरचीच राहते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते.

म्हणून तरुणांनो, दारावर पूर्ण नावाची पाटी लावा. सर्वसाधारण सभेला जा, हिशोब विचारा, आणि हॉल हक्काने मागा.

जय भीम!