पोप गेला, कुणब्याला काय मिळाले?

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३४ साली पोपाचे जोखड झुगारले व प्रजा धर्मगुरूंच्या पाशातून सुटली, असे मोठ्या थाटाने सांगण्यात येते. आम्ही विचारतो, सुटले कोण? १५३६ ते १५४० पर्यंत सुमारे ८०० मठ मोडले. त्यांच्या जमिनी राजाने गिळल्या, आणि पुढे बहुतेक सरदार-जमीनदारांच्या घशात गेल्या. मठाच्या दारी भाकर मागणारा गरीब उघड्यावर पडला!

बरे, ज्ञान तरी मिळाले काय? १५३९ साली राजाज्ञेने इंग्रजी बायबल छापून गावोगावच्या चर्चांत ठेवले. पण चारच वर्षांत, १५४३ साली, कायदा झाला की, कारागीर, गडी, शेतकरी, मजूर व सामान्य बायका यांनी ते वाचू नये! सरदाराने मात्र खुशाल वाचावे. शूद्राच्या कानी वेदाक्षर पडू न देणाऱ्यांचीच ही सख्खी भावंडे नव्हेत काय?

हेन्रीमागे १५४७ साली ही बंदी उठली. पण त्याच साली कामाविना फिरणाऱ्यास डाग देऊन दोन वर्षे गुलाम करण्याचा कायदा आला. तो १५५० साली रद्द झाला. मधल्या १५४९ साली नॉर्फोकची रयत रॉबर्ट केटच्या मागे उठली व दासांना मुक्त करा म्हणाली. केटला नॉर्विचच्या किल्ल्यावर फाशी दिले.

वाचकहो, धर्माचा धनी बदलला म्हणजे रयत सुटत नसते. जमीन व अक्षर तिच्या हाती येईतोवर सारी सुधारणा वरच्यांचीच!