रंग निवडावा आषाढात

पाचगणीत सध्या जुने बंगले ‘नवे’ करण्याची साथ आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्यामुळे बांधकामावर बंधनं आहेत. मग मालकाचा सगळा उत्साह आतल्या भिंतींवर निघतो. मुंबई-पुण्याहून तो येतो, होमस्टेचा बेत पक्का असतो आणि मोबाइलमध्ये अलिबागच्या किंवा गोव्याच्या एखाद्या घराचा फोटो असतो: भिंती पांढऱ्याशुभ्र, खिडक्या निळ्या. ‘अगदी असंच करायचं.’ रंगारी मान डोलावतो. त्याचं काय जातंय?

हा रंग अलिबागला खुलतो, कारण तिथे ऊन डोळ्यांवर येतं. पांढऱ्या भिंतीचं स्वतःचं असं फार थोडं. पडेल तो उजेड ती परत करते. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर. पावसाळ्यात इथे ढग न विचारता खोलीत शिरतो. त्यात या बंगल्यांचे व्हरांडे खोल, छपरं उतरती, आवारात सिल्व्हर ओकची गर्दी. आत पोचेपर्यंत उजेड गाळून निघतो आणि निळसर, करडा होतो. अशा उजेडात पांढरी भिंत मळकी दिसते आणि निळी खिडकी आजारी.

माझ्या एका मैत्रिणीच्या बंगल्यात भिंत खरवडायला घेतली, तेव्हा घराचा सगळा इतिहासच बाहेर आला. वर प्लास्टिक पेंट, त्याखाली गुलाबी डिस्टेंपर, मग सरकारी दवाखान्यात असतो तसा हिरवा ऑइलपेंट आणि अगदी तळाशी चुन्यात कालवलेली पिवडी. वरचे थर पापुद्र्यांनी निघत होते, पिवडी मात्र भिंतीला घट्ट धरून होती. मिस्त्री म्हणाला, “ताई, पुट्टी मारून दोन हात दिले की काही दिसणार नाही.” बरोबर आहे, दिवाळीपर्यंत काहीच दिसलं नसतं.

त्यानंतर मात्र सगळंच दिसलं असतं, कारण ही भिंत जांभ्याची. पाचगणीचं टेबललँड ज्या दगडाचं पठार आहे, तोच हा सच्छिद्र दगड, चुन्यात बांधलेला. पावसाळ्यात तो ओल पितो आणि पुढे हळूहळू सोडतो. चुन्याचा हात या येण्याजाण्याच्या आड येत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना कडक होतो, पुन्हा दगडासारखाच बनतो. शिवाय तो अल्कधर्मी असल्याने ताज्या चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. प्लास्टिक पेंट मात्र ओलीची वाटच बंद करतो. मग फुगे, पोपडे आणि पांढरा लोणा. त्यावर पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग, पुन्हा बिल.

पिवडी आणि गेरू हे मातीचे रंग, चुन्यात टिकणारे. भिंत आधी पाण्याने भिजवायची, चुन्यात थोडा डिंक घालायचा म्हणजे कपड्याला लागत नाही, आणि पातळ तीन हात द्यायचे. पहिला हात बघून मालक हमखास घाबरतो. वाळल्यावर चुना उजळतो, तेव्हा त्याच्या जिवात जीव येतो. फिकट पिवळ्या भिंतीला करड्या उजेडातही ऊब असते. तिच्यापुढे सागवानी कपाटं आणि आरामखुर्च्या एकदम उठून दिसतात. त्यांना पांढरा रंग फासण्याचं पाप मग करावं लागत नाही.

खरी गफलत वेळेची होते. मालक मे महिन्यात येतो आणि लख्ख उन्हात शेडकार्ड बघून रंग ठरवतो. घर सगळ्यात केविलवाणं दिसतं आषाढात, तेव्हा हा मुंबईत असतो. म्हणून नमुन्याचे पट्टे आषाढात मारून बघावेत, दुपारी चार वाजता, दिवा न लावता. जो रंग तेव्हा बरा दिसेल, तो बारा महिने बरा दिसेल. रंगकाम मात्र भिंत सुकल्यावर, जानेवारीनंतर.

एवढं करून निळ्याची हौस राहिलीच, तर पडदे निळे लावावेत. ते धुता येतात, आणि फॅशन उलटली की बदलताही येतात.