हजेरीपत्रक ग्रामसभेपुढे ठेवा

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडीत बसलेल्या लक्षावधी स्त्रीपुरुषांच्या कष्टांतून जिची निकड सिद्ध झाली, वि. स. पागे यांच्या चिंतनातून जिचा आराखडा आकाराला आला, आणि १९७७ साली विधिमंडळाने जिला कायद्याचे अधिष्ठान दिले, ती रोजगार हमी योजना म्हणजे दारिद्र्यनिवारणाच्या क्षेत्रात महाराष्ट्राने देशाला दिलेली सर्वांत मोलाची देणगी होय. मजुराने काम मागावे आणि ते पुरविणे सरकारने आपले कर्तव्य मानावे, हा विचार त्या काळी अपूर्व होता. शहरांतील नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून तो पैसा दुष्काळी माळरानावर पोचविण्याची तरतूदही तितकीच अपूर्व होती. तथापि योजनेच्या घडणीत एक उणीव प्रारंभापासून राहिली, आणि तिचे परिणाम गोरगरिबांना आजही भोगावे लागत आहेत.

१ मे १९६२ पासून ज्या राज्यात लोकनियुक्त जिल्हा परिषदा व पंचायत समित्या नांदत आहेत, त्याच राज्यात या योजनेची सूत्रे मुख्यतः जिल्हाधिकारी आणि तहसीलदार यांच्या कचेऱ्यांत राहिली. मजूर गावाने द्यावेत. काम कोणते, कोठे आणि केव्हा, हे खात्यांनी ठरवावे! पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, ग्रामसभेला घटनेतच स्थान मिळाले, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने किमान निम्मी कामे ग्रामपंचायतींकडे सोपवून त्यांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. परंतु गणपूर्तीअभावी सभा तहकूब व्हावी, तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसावे, आणि मग सरपंच, ग्रामसेवक व दहापाच मातब्बरांच्या उपस्थितीत लाभार्थ्यांची यादी मंजूर होऊन इतिवृत्तात 'सर्वानुमते' असा शेरा पडावा, हा क्रम कितीतरी गावांच्या अंगवळणी पडला आहे. घरकुलाच्या यादीतून जिचे नाव गळले त्या विधवेने दाद मागावी ती कोणाकडे?

गावाच्या हाती अधिकार दिले तर ते जमीनदार आणि वरिष्ठ जातींच्याच मुठीत जातील, हा आक्षेप पोकळ नाही. १९४८ साली घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी गावगाड्याविषयी दिलेला इशारा ज्याला ठाऊक आहे, तो ग्रामराज्याचे भाबडे गोडवे गाणार नाही. परंतु ज्या गुप्ततेच्या आधारावर मातब्बरांची सत्ता उभी असते, ती गुप्तता कचेरीत अधिकच दाट होते, हेही तितकेच खरे. राजस्थानात १९९४ साली मजदूर किसान शक्ती संघटनेने पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथून जनसुनावण्यांना आरंभ केला आणि सरकारी कामांची हजेरीपत्रके व बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली, तेव्हा कागदावरचा खोटेपणा गावाला एका बैठकीत कळला. हजेरीपत्रकात ज्यांची नावे होती त्यांचे शेजारीच तेथे बसले होते. त्यांच्याहून चोख हिशेबनीस कोणत्या खात्याला लाभणार? माहितीच्या अधिकाराच्या चळवळीचे मूळ कागदपत्रे उघड करण्याच्या याच मागणीत आहे.

आता मजुरी थेट बँकेच्या खात्यात जमा होते आणि हजेरी भ्रमणध्वनीवर नोंदविली जाते. मधले हात कमी झाले, हे आम्हांस मान्य आहे. पण मजुरी अडली, तर ती तालुक्यात अडली, बँकेत अडली की दिल्लीत, हे सरपंचालाही सांगता येत नाही, आणि पंधरा दिवसांत मिळावयाच्या दामासाठी मजुराला तहसीलीचे खेटे घालावे लागतात. यंत्र हिशेब ठेवील. जाब विचारण्याचे काम माणसांनाच करावे लागेल.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक कामाचे हजेरीपत्रक, अंदाजपत्रक आणि झालेला खर्च ग्रामसभेत वाचून दाखविल्याखेरीज त्या कामाचे पुढील देयक मंजूर होऊ नये. लाभार्थ्यांची यादी सभेच्या आधी आठ दिवस पंचायतीच्या फलकावर आणि दलित व आदिवासी वस्त्यांत लावली जावी. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची जी तरतूद आपल्या कायद्यात आहे, ती कागदोपत्री न उरता खरोखर पाळली जावी, कारण रोजगार हमीच्या कामावरील मजुरांत स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. या तिन्ही गोष्टींना नवा पैसा लागत नाही. शासनाने आदेश काढावा, आणि गावातील मजुरांनी येत्या ग्रामसभेला संख्येने हजर राहून हजेरीपत्रक मागावे.